सोपानमास्तरांनी पिपाणीचं दूध तोडलं

"झालं म्हणून समजा," असं सोपानमास्तर म्हणाले, की आमच्या गल्लीतल्या बाया आधी अंगणातलं वाळवण आत घ्यायच्या. मी गिरणीचं शटर अर्धं खाली ओढायची. मास्तरांनी काम हातात घेतलं म्हणजे ते होणार, यात शंका नव्हती. पण ते होताना आजूबाजूला आणखी काय काय होईल, याचा काही भरवसा नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत, बँडचे मास्तर. ताडकळसात आठवडी बाजाराच्या मैदानामागं आमची गल्ली. तिथं माझी पिठाची गिरणी आणि तिला लागून मास्तरांचं पत्र्याचं शेड. त्यात ढोल, ताशे, एक वाकडं झालेलं ट्रम्पेट, आणि कोपऱ्यात मैना नावाची पांढरी घोडी, नवरदेवाला मिरवायची. एवढ्या एका घोडीच्या जिवावर मास्तर त्या पत्र्याला 'पागा' म्हणायचे. स्वतः क्लॅरनेट वाजवायचे. माझी गिरणी सुरू झाली की त्यांना सूर लागायचा नाही, आणि त्यांचा सराव सुरू झाला की गिऱ्हाइकाला दळण जाड पाहिजे का बारीक, हे मला बोंबलून विचारावं लागायचं. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांच्या आवाजाला नावं ठेवत शेजार केला. आता मास्तर आणि त्यांच्या बायको शेवंताबाई नांदेडला लेकीकडं राहायला गेलेत. मैना म्हातारी होऊन गेली, शेडाला कुलूप आहे, आणि मला गिरणीत बसून करमत नाही. खोटं कशाला बोलू.

माणूस उंच आणि काटकुळा. मिशा काळ्याभोर केलेल्या, पण रंग लावायचा कंटाळा, म्हणून मिशीच्या बुडाशी कायम पांढरी रेघ. अंगात बारा महिने बँडचा लाल कोट. खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर पितळी बटणं. उन्हाळा असो, शेत असो, कुणाची मयत असो, कोट अंगात. शेवंताबाई म्हणायच्या, "आमच्या लग्नात हळद लावायला काढला व्हता. तवापासून न्हाई." कोटाच्या उजव्या खिशात मैनेसाठी गूळ आणि हरभरे, डाव्या खिशात स्वतःसाठी सुपारी. बोलण्याच्या नादात त्यांचे खिसे बदलायचे. मैनेनं आयुष्यात जेवढी सुपारी खाल्ली तेवढी आमच्या गल्लीत कुणी खाल्ली नसेल.

एकदा माझ्या गिरणीचा पट्टा तुटला. सणाचे दिवस, बाहेर डब्यांची ही रांग. मास्तर आले, पाहिलं, आणि म्हणाले, "वहिनी, झालं म्हणून समजा." मोठ्या ढोलाचा पट्टा काढून आणला आणि चढवला. गिरणी सुरू झाली, नुसती सुरू नाही, आधीपेक्षा मऊ चालली. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पट्टा सुटला. त्यानं पिठाचा डबा उडवला तो सरळ मास्तरांच्या अंगावर. मास्तर कोटासकट पांढरे झाले, नुसते दोन डोळे दिसत होते. त्या पिठातूनच बोलले, "वहिनी, ताल बरुबर धरला व्हता त्यानं."

मास्तरांचं असं ठाम मत होतं, की जगात न ऐकणारं कुणी नाही, वाजवणारा कमी पडतो. कोंबडी खुडूक बसली नाही, वाजव. कुणाची म्हैस पान्हा सोडत नाही, वाजव. माझं डोकं दुखतंय म्हटलं तरी वाजव. मग ते आणखी दुखायचं.

आणि एवढा बडबड्या माणूस, पण कुणी कुठं जायला निघालं की ह्याचा जीव कासावीस व्हायचा. लग्नात पाठवणीच्या वेळी मास्तर मांडवात सापडायचे नाहीत. टेम्पोमागं जाऊन उभे राहायचे. बँडमधले ढोलवाले गफूरभाई एकटेच वाजवून वेळ निभवायचे. लेक माहेरपण करून नांदेडला निघाली की मास्तर तिला एसटीवर सोडायला जायचे, पिशवी वर ठेवायच्या निमित्तानं गाडीत चढायचे, आणि "पूर्णेपर्यंत येतो" म्हणत म्हणत नांदेडला लेकीच्या घरी जेवून परत यायचे. शेवंताबाई त्या दिवशी त्यांचा स्वयंपाकच करायच्या नाहीत. अशा माणसावर एका शिंगराचं दूध तोडायची पाळी आली, यापेक्षा मोठी गंमत काय सांगू?

मैना व्याली ती लग्नसराई संपल्यावर, पेरण्यांच्या दिवसांत. शिंगरू झालं. मादी. अंगानं राखाडी, पाय लांबच लांब, आणि आवाज असा बारीक आणि कर्कश, की मास्तरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पिपाणी. सगळा पावसाळा पिपाणी आईच्या पोटाखाली वाढली. मास्तरांनी खुशीत गल्लीला पेढे वाटले. मग तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली, आणि मैनेला कामावर जायची वेळ आली.

पहिलीच सुपारी नेमकी माझ्या भाच्याच्या लग्नाची, चारठाण्याला. शिंगरू घरी ठेवा, असं शेवंताबाईंनी बजावलं होतं. पण मास्तरांनी टेम्पोत आईसोबत लेकराला पण चढवलं. "मायलेकराची ताटातूट करून कुणाचं लग्न लावायचं का वहिनी?" असं मलाच विचारलं. लग्न माझ्याच घरचं, ताटातुटीचं पाप कशाला, म्हणून मीच टेम्पोचं फळकं लावून दिलं.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. पुढं बँड, मधे मैनेवर आमचा भाचा, मागं बायामाणसं. भर चौकात पिपाणीला भूक लागली. तिनं मान खाली घातली आणि आईच्या कासेला लागली. मैना जागेवर थांबली, मागचे पाय फाकवले, डोळे अर्धवट मिटले. वर नवरदेव, बाशिंग बांधलेला, हातात कट्यार, आणि खाली चक् चक् आवाज. मास्तरांचा नियम असा की घोडी थांबली तरी वाजवणं थांबवायचं नाही. मग वरातीची तीच चाल पुन्हा, परत तीच, परत तीच. नाचणारी पोरं नाचून नाचून खाली बसली.

माझे दीर, म्हणजे नवरदेवाचे मामा, तापट माणूस. ओरडले, "मास्तर, घोडी हाका की! मुहूर्त चाललाय!"

मास्तरांनी क्लॅरनेट तोंडातून काढून सांगितलं, "पाव्हणं, लेकरू पिऊ लागलंय. लेकराच्या तोंडातलं काढू का मी?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भटजींचा निरोपावर निरोप. भाचा वरून बिचारा विचारतोय, "झालं का?" आणि पिपाणीचं एका बाजूचं संपलं, तर ती आईला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं लागली. मुहूर्त काही आमच्यासाठी थांबला नाही. पुढं कितीतरी दिवस सासरच्या माणसांनी माझ्याशी तेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं.

ही गोष्ट भराभर पसरली. लोक आधीच डीजे लावू लागले होते. डीजेकडं नाही अशी एकच वस्तू मास्तरांकडं होती, ती म्हणजे मैना. आता लोक म्हणायला लागले, घोडी नको, ती मधेच लेकरू पाजते. शेवंताबाईंनी एका दुपारी माझ्यासमोरच मास्तरांना सुनावलं. बाई एरवी कमी बोलणारी.

"ऐका. माळेगावच्या जत्रेपस्तोर ह्या पोरीचं दूध तुटलं पायजे. आईबिगर राहिली तर राहू द्या पागंत. न्हाई राहिली तर जत्रंत न्यायची अन् इकायची. तिच्यापायी बँड बुडवायचा न्हाई मला."

मास्तरांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांनाच जत्रेत विकायला काढलंय. पण उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "झालं म्हणून समजा." मी शटर ओढलं.

आमच्याकडं लेकराचं अंगावरचं दूध तोडायचं तर बाया छातीला कडूलिंबाचा पाला वाटून लावतात. लेकरू एकदा तोंड वाकडं करतं आणि नाद सोडतं. गल्लीतल्या साऱ्याजणींनी मास्तरांना हेच सांगितलं, कारण आम्हाला दुसरं येतच नव्हतं. मास्तरांनी शेवंताबाईंच्या पाट्यावर ढीगभर पाला वाटला. हिरवागार गोळा घेऊन मैनेच्या मागच्या बाजूला बसले आणि तिला समजावायला लागले, "मैना, माय, हे तुज्या लेकीसाठीच हाय." मैनेनं ते ऐकून घेतलं आणि लाथ घातली. मास्तर उडाले ते मोठ्या ढोलावर. ढोलाचं चामडं फाटलं आणि मास्तर आत, पाय बाहेर. गफूरभाई धावत आले, त्यांनी आधी ढोल तपासला आणि मग मास्तरांना विचारलं, "मास्तर, लगा क्या?"

तरी गड्यानं हट्ट सोडला नाही. तिसऱ्या का चौथ्या खेपेला लावलाच तो पाला. पिपाणी आली, हुंगलं, ओठ वर करून दात दाखवले, आणि मग एवढी चवीनं प्यायली की सगळी कास स्वच्छ करून दिली. वर पाट्यावर उरलेला गोळाही चाटून खाल्ला. "भूक वाढली तिची लिंबानं," शेवंताबाई म्हणाल्या आणि पाटा धुवायला घेतला.

मग मात्र मास्तर पूर्णेच्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी नीट सांगितलं. दोघींच्या मधे कुंपण घाला, पण एकदम नजरेआड करू नका. मैनेची पेंड कमी करा, दूध आटेल. शिंगराला भिजवलेले हरभरे, कोवळा चारा द्या. आणि तिला एकटी ठेवू नका, सोबत द्या. एखादी शेळी द्या, जमलं तर दुसरं घोडं द्या. डॉक्टरांनी सगळं बरोबर सांगितलं आणि मास्तरांनी त्यातलं मनाला पटेल तेवढं ऐकलं. कुंपणाऐवजी मैनेला उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला गफूरभाईंच्या अंगणात नेऊन बांधलं. "समोर दिसली तर जीव लय तुटंल," म्हणे. कुणाचा जीव, ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर गल्लीचं काय झालं ते विचारू नका. पिपाणी पागेतून ओरडायची आणि गावाच्या पलीकडून मैना उत्तर द्यायची. अख्खं ताडकळस मधे. माझी गिरणी चालू असली तरी तिचा आवाज वर चढायचा, म्हणजे बघा. खाणं बंद. पाण्याला तोंड लावेना. बरगड्या दिसायला लागल्या. जाता-येता मला तिच्याकडं बघवेना. मी एवढी रागीट बाई, पण मीसुद्धा शेतातून हिरव्या लसूणघासाची पेंढी आणून टाकायला लागले. ती वासही घ्यायची नाही. मास्तर स्वतःचं जेवण सोडून तिच्यापुढं बसलेले. शेवंताबाई दोन्हीकडं भाकरी घेऊन फिरायच्या, नवऱ्याकडं आणि शिंगराकडं, आणि दोन्हीकडून भाकरी परत यायची.

"डॉक्टरनं सोबत द्या म्हणून सांगितलंय," मी म्हटलं. "आमची शेळी नेऊन बांधा की."

"शेळी कशाला? मी हाय की सोबत," मास्तर म्हणाले आणि क्लॅरनेट काढलं.

मला वाटलं, आता ती आणखीच बिथरणार. त्यांनी आधी एक भजन वाजवलं, पिपाणी ओरडतच राहिली. मग एक गाणं वाजवलं, ती जास्त ओरडली. शेवटी कंटाळून त्यांनी वरातीची ती नेहमीची चाल धरली. मैनेवर नवरदेव बसला की पहिली जी वाजते, ती. आणि पिपाणी गप्प झाली. कान टवकारले. पाय बदलत पुढं आली आणि मास्तरांच्या कोटाला नाक लावून उभी राहिली. मास्तरांनी एका हातानं सूर धरून दुसऱ्या हातानं खिशातले हरभरे पुढं केले. तिनं खाल्ले.

मी गिरणी बंद करून धावत गेले होते. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाजवणं चालूच होतं. चाल संपल्यावर म्हणाले, "वहिनी, पोटात आसताना ऐकलीय तिनं ही. मागली सराई पोटात बसूनच काढली पोरीनं. आईचं दूध तोडलं, पर चाल कशी तुटंल?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या वाजवण्याला नाव ठेवलं नाही.

मग काय, हरभरे द्यायचे, वाजव. पाणी पाजायचं, वाजव. पिपाणी खायला लागली, बरगड्या झाकल्या, अंगावर चकाकी आली. मैनेचं दूध आटलं. तीही गफूरभाईंच्या अंगणात निवांत कडबा खायला लागली. मास्तर कोटाची कॉलर ताठ करून गावभर सांगत फिरले, दूध तुटलं. शेवंताबाईसुद्धा जत्रेचं नाव काढेनाशा झाल्या. सगळं कसं छान झालं होतं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

गावातल्याच एका लग्नाची सुपारी आली. बाजाराचा दिवस. पिपाणीला पागेत बांधून, दार लावून मास्तर गेले. मी गिरणीत. बाजाराच्या पलीकडं बँडवर ती चाल सुरू झाली, आणि शेजारून असा धडाका आला की मला वाटलं पत्रा कोसळला. पिपाणीनं दावं तोडलं, दार पाडलं आणि निघाली. बाजारातून. वांग्यांवरून, मिरच्यांवरून, एका म्हातारीच्या कोथिंबिरीवरून. मी मागं पळतेय, पिठानं माखलेली, हातात तुटलेलं दावं. लोक माझ्यावरच ओरडतायत, "बाई, जनावर सांभाळता येईना का?" माझं जनावर नाही, हे मी किती जणांना सांगणार?

मला एकच वाटलं. गेली. आईकडं गेली. सगळी मेहनत पाण्यात गेली, आता मास्तर काही केल्या ही जत्रा चुकवू शकत नाहीत.

वरातीत पोचले तर काय बघते? पिपाणी आईच्या शेजारून निघून गेली. मान वळवली नाही. आणि मैनेनंही तिच्याकडं पाहिलं नाही. जशा काही दोघी कधी भेटल्याच नव्हत्या. पिपाणी सरळ मास्तरांच्या काखेत घुसली, कोटाच्या खिशात तोंड घातलं आणि शांत उभी राहिली. मास्तर वाजवतायत, काखेतून शिंगराचं तोंड बाहेर. वाजवणं थांबलं की ती ओरडायची. म्हणून मास्तरांना थांबताच येईना. मांडवात भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, बँड थांबला, आणि "शुभमंगल" म्हणायच्या जागी पिपाणीचा आवाज निघाला. भटजींनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. शेवटी मुलीच्या बापानं हात जोडले, "मास्तर, तुमी आन् तुमचं लेकरू जरा भायेर थांबा." भर अक्षतांच्या वेळी बँडमास्तर शिंगराला घेऊन उकिरड्याजवळ उभे. हळू आवाजात तिला तीच चाल वाजवून दाखवतायत.

संध्याकाळी शेवंताबाई पागेच्या पडलेल्या दारापाशी उभ्या होत्या. "आईचं दूध तुटलं," त्या म्हणाल्या. "आता बापाचं कसं तोडायचं, ते सांगा."

मास्तर पडलेलं दार उचलून उभं करायला लागले. आता मास्तर बाहेरगावी वाजवायला गेले की पिपाणी ते परत येईपर्यंत दाण्याला तोंड लावायची नाही. पुन्हा बरगड्या. पुन्हा आरडाओरडा. आणि माळेगावची जत्रा तोंडावर आलेली.

त्या दिवसांत आमच्या सोयाबीन निघालेल्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या, खतासाठी. त्यांच्याबरोबर सामान वाहायची दोन-तीन घोडी आणि दोन शिंगरं. धनगरांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात, त्या वाड्याची कारभारीण ठकूबाई, तंबाखू दाढेखाली धरून बोलणारी, कुणाला भीक न घालणारी बाई. मीच शेवंताबाईंना तिच्याकडं घेऊन गेले. ठकूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घोड्याच्या पोराला घोड्यात सोडा की. माणसात ठिवून माणूस व्हतंय व्हय? आणा हिकडं. रमली तर संगं घेऊन जाते, पाऊसकाळाच्या तोंडाला आमी माघारी येतावच. तवर शानी व्हईल. पर पळून जाणारं जनावर मला नगं. सांगून ठिवते."

मास्तरांनी पिपाणीला रानात नेऊन सोडलं आणि मान खाली घालून रस्त्यानं घरी निघाले. घरी पोचतायत तर पिपाणी पागेत उभी. मधल्या वाटेनं, शेतांतून आलेली. पुन्हा नेली, पुन्हा आली. मास्तर तोंडानं "काय करावं हिला" म्हणायचे, पण चेहरा असा फुललेला की मला राग आला.

"तुम्हालाच आवडायलंय ते," मी स्पष्ट म्हणाले. "जत्रेत दलालाच्या हातात दावं द्याल तेव्हा कळेल."

मास्तर पिपाणीच्या अंगावरची कुसळं काढत बसले. त्यांना बोलताना मी कायम पाहिलेलं, न बोलताना ते फार केविलवाणे दिसले. मला माझं बोलणं लागलं.

ठकूबाईनं सरळ उपाय सांगितला. "त्यो कोट काढा. तुमच्या आदी कोटाचा वास येतुय तिला. अन् वाजवणं बंद. नाकाला वास नगं, कानाला आवाज नगं. बगा कशी ऱ्हाती ती."

मास्तरांनी कोट काढला. गल्लीत नुसतं बनियन घालून फिरायला लागले तेव्हा लोक दबक्या आवाजात मला विचारायचे, "मास्तरांच्या घरी कोण गेलं?" मार्गशीर्ष सरत आलेला, लग्नाच्या तिथी संपलेल्या, म्हणून वाजवायची सक्तीही नव्हती. पागेतून आवाज येईना. मी आयुष्यभर मागितलेली शांतता मिळाली आणि मला ती अजिबात मानवली नाही. पिपाणी मात्र रानात राहिली. पहिल्यांदा ओरडली म्हणे, मग ठकूबाईच्या शिंगरांनी तिला हुंगलं, चावलं, पळवलं. मी शेतावर गेले की बघायची. धुळीत लोळताना, दुसऱ्याची शेपटी ओढताना. घोड्यासारखी दिसायला लागली होती ती. मी परत आले की मास्तर विचारायचे, "खाती का?" मी म्हणायची, "खाते." "मला इचारती का?" हे ते इतक्या गंभीरपणे विचारायचे, की हसताही यायचं नाही.

वाडा उठायचा दिवस आला. ठकूबाईनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "निघताना मागं वळली न्हाई तर नेते. वळली, पळाली, तर तुमची तुमाला." आणि वळली तर जत्रा, हे शेवंताबाईंनी बदललेलं नव्हतं.

मी सकाळी रानात गेले तर बांधाच्या पलीकडं, उभ्या तुरीत मास्तर बसलेले. अंगात बनियन, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला लांबूनच कळलं.

"मास्तर, हे कशाला आणलंत?"

"हाताला सवय हाय वहिनी."

"एक जरी फुंक मारलीत ना, तर ती धावत येईल. मग माळेगाव आहे, लक्षात ठेवा."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. आणि पिशवीतून क्लॅरनेट काढून हातात घेतलं. मला त्यांच्या हातातून ते हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण मीही खाली बसले, त्यांच्या शेजारी, तुरीत.

मेंढ्या उठल्या. घोड्यांवर पालं, भांडी, कोंबड्यांची डालगी चढली. सगळ्यात मागं शिंगरं, मोकळी. त्यात राखाडी अंगाची पिपाणी. बांधाच्या कडेनं सगळा वाडा आमच्या समोरून जायला लागला. वारा आमच्याकडून तिकडं होता. पिपाणी समोर आली आणि थांबली. मान वर केली. कान टवकारले आणि सरळ तुरीकडं बघायला लागली. ठकूबाईनंही ते पाहिलं, ती हाक न मारता थांबून राहिली.

मास्तरांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आणि मग बघते तर मास्तरांची बोटं हलायला लागलेली. ती चाल मी पत्र्याच्या भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलीय, की बोटं बघूनसुद्धा मला कळत होतं, आता कुठं आलीय. सगळी चाल वाजत होती, नुसती फुंक नव्हती. गाल आत ओढलेले, डोळे पिपाणीवर, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून सरळ खाली. सुराशिवाय क्लॅरनेटच्या किल्ल्यांचा नुसता टिक टिक आवाज, तोही आमच्यापुरताच.

पिपाणी तेवढा वेळ उभी राहिली. मग दुसऱ्या शिंगरानं तिला मागून धडक दिली. ती उधळली, त्याच्या मागं पळाली, आणि घोड्यांत मिसळून कालव्याच्या वळणावरून गेली. मागं वळून पाहिलं नाही. मेंढ्यांची धूळ खाली बसली तरी ओरडण्याचा आवाज आला नाही.

मला खूप बरं वाटलं आणि तेवढंच वाईट वाटलं. मी उठले, साडीला लागलेला तुरीचा पाला झटकला. मास्तर अजून तसेच बसलेले, क्लॅरनेट ओठाला, बोटं चालू.

"चला मास्तर," मी म्हणाले. "गेली ती."

त्यांनी नुसती मान हलवली, थांबा अशी. मग क्षणभर ओठ मोकळे करून म्हणाले, "जरा थांबा वहिनी. अंतरा राह्यलाय."